स्वयंपाकघरातलं ऐकणं : कमी खर्चात स्पीकर कसा निवडावा

घरातल्या वस्तूंमागचं विज्ञान समजून घेण्याच्या आपल्या मालिकेत आज एक अगदी घरगुती प्रश्न घेऊ या. स्वयंपाकघरात गाणी, बातम्या, कीर्तन, श्राव्य पुस्तकं ऐकायची आहेत, खर्च फार करायचा नाही, तर स्पीकर कोणता घ्यावा आणि तो ठेवावा कुठे?

प्रश्न किरकोळ वाटतो, पण जरा हिशोब करू. २०१९ मध्ये केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं विनामोबदला घरकामात जातात, असं त्यात दिसलं. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी होती ९७ मिनिटं. २९९ मिनिटं म्हणजे जवळजवळ पाच तास. सगळा वेळ काही ओट्यापाशी जात नाही, पण बराचसा जातो. त्या वेळात हात गुंतलेले असतात, डोळे गुंतलेले असतात, मोकळे असतात फक्त कान. आणि आवाजाची चांगली साधनं मात्र आपण दिवाणखान्यात टीव्हीखाली मांडतो. स्वयंपाकघराच्या वाट्याला येतो स्टीलच्या वाटीत उभा केलेला मोबाइल.

आजच्या बोलण्याचं सार आधीच सांगून टाकतो. स्वयंपाकघरात मोठा आवाज लागत नाही. जवळचा आणि स्पष्ट आवाज लागतो. एवढं पटलं की खर्च आपोआप खाली येतो. ते का, हे आता पायरीपायरीने बघू.

पहिली पायरी म्हणजे स्वयंपाकघरातला गोंगाट. आवाजाची पातळी आपण डेसिबलमध्ये मोजतो. समोरासमोर साधं बोलणं हाताच्या अंतरावरून साधारण ६० डेसिबल असतं. फ्रिजची घरघर ४० च्या आसपास. एक्झॉस्ट फॅन किंवा चिमणी चालू केली की ओट्यापाशी ५५ ते ६५. आणि मिक्सरमध्ये वाटण फिरायला लागलं की ८५, कधी त्याहून जास्त.

नुसते आकडे बघून भागत नाही. कुठला आवाज कशाला झाकतो, हेही बघावं लागतं. आपलं बोलणं दोन थरांचं असतं. अ, आ, ओ हे स्वर जोरकस असतात आणि त्यांची बरीचशी ताकद १००० हर्ट्झच्या खाली असते. स, श, च, ट, थ ही व्यंजनं दुबळी असतात आणि त्यांची ओळख पटवणारा भाग बहुतांशी २००० हर्ट्झच्या वर असतो. स्वरांमुळे कोणीतरी बोलतंय हे कळतं, व्यंजनांमुळे काय बोलतंय ते कळतं. आता स्वयंपाकघरातले आवाज आठवा. फोडणीचा चुर्र, नळाची धार, तव्यावरची चरचर. हे सगळे वरच्या पट्टीतले, सळसळीचे आवाज आहेत. म्हणजे नेमकी व्यंजनंच झाकणारे. म्हणून ‘आवाज येतोय, पण शब्द कळत नाहीत’ अशी तक्रार होते. पाककृती सांगणारी बाई ‘सात मिनिटं’ म्हणाली की ‘साठ मिनिटं’, हा घोटाळा तिथूनच होतो.

त्यात भर पडते भिंतींची. दिवाणखान्यात पडदे, गाद्या, सोफा असतो. ते आवाज शोषून घेतात. स्वयंपाकघरात काय असतं? टाइल्स, ग्रॅनाइटचा ओटा, काच, स्टीलचे डबे. गुळगुळीत टाइल तिच्यावर आपटलेल्या आवाजाचा एखाद-दोन टक्केच भाग शोषते, बाकी सगळा परत फेकते. हे परत आलेले आवाज मूळ शब्दावर चढतात आणि शब्दाची कड पुसतात. आवाज वाढवला की परत येणारा आवाजही तेवढाच वाढतो. त्यामुळे नुसतं बटण फिरवून स्पष्टपणा मिळत नाही.

दुसरी पायरी, वॉट. दुकानात गेलं की पहिला शब्द कानावर पडतो तो हाच. ‘हा दहा वॉटचा, हा तीस वॉटचा, हा घ्या.’ पण कानाचा हिशोब सरळ नसतो. शक्ती दुप्पट केली की पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते, आणि आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात. म्हणजे शक्ती दहापट हवी. पाच वॉटचा स्पीकर सोडून दहा वॉटचा घेतला, तर कानाला पडणारा फरक जेमतेम असतो. दुप्पट मोठा वाटायला पन्नास वॉट लागतील. शिवाय वॉट मोजायच्या पद्धतीही वेगवेगळ्या. सलग देता येणारी शक्ती म्हणजे आरएमएस. तो आकडा बघायचा. पीएमपीओ नावाने छापलेले हजारोंचे आकडे आठवत असतील. त्यांना कसलंच ठरलेलं माप नाही, ते सरळ सोडून द्यायचे.

ज्यांनी ट्रान्झिस्टरचा काळ पाहिलाय त्यांना हे पटायला पुरावा नको. फडताळावर ठेवलेल्या त्या डब्याची शक्ती बहुतेक वेळा एका वॉटच्याही आतली असायची. तरी सकाळच्या बातम्या, ‘आपली आवड’, विविध भारतीवरची गाणी घरभर ऐकू यायची. कारण त्याची बांधणीच बोलणं आणि गाणं स्पष्ट ऐकू यावं अशी होती, आणि तो माणसाजवळ, साधारण कानाच्या उंचीवर असायचा.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची पायरी, अंतर. मोकळ्या जागेत आवाजापासूनचं अंतर निम्मं केलं की पातळी ६ डेसिबलने वाढते. समजा स्पीकर चार मीटरवर आहे. तो दोन मीटरवर आणला, ६ डेसिबल. एकावर आणला, १२. अर्ध्या मीटरवर आणला, १८. हे १८ डेसिबल वॉटने विकत घ्यायचे तर साठपटीहून जास्त शक्ती लागेल. बंद खोलीत भिंतींमुळे फायदा एवढा पूर्ण मिळत नाही, हे खरं. पण दुसरा फायदा मिळतो. स्पीकर जवळ असला की थेट येणारा आवाज भिंतींवरून येणाऱ्या आवाजापेक्षा वरचढ राहतो आणि व्यंजनं शाबूत पोचतात. म्हणजे शेल्फ सरकवायला एक पैसा लागत नाही, आणि तेवढ्याने जे होतं ते दहा हजार रुपयांनी होत नाही.

आता हे तिन्ही मुद्दे जोडू. बोलणं आरामात समजायला ते गोंगाटाच्या १० ते १५ डेसिबल वर असावं लागतं. चिमणी ६० डेसिबल धरली, तर कानाशी ७० ते ७५ हवेत. पाच वॉटचा बरा स्पीकर एका मीटरवर ८० पर्यंत सहज जातो. काम झालं. पण मिक्सर चालू असताना? ८५ वर १५, म्हणजे १००. इथे थांबायचं. अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी संस्था, नायोश, ८५ डेसिबलला दिवसाला आठ तास ही मर्यादा सांगते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. त्या हिशोबाने १०० डेसिबल दिवसाला फक्त पंधरा मिनिटं. तेव्हा मिक्सरशी स्पर्धा करणारा स्पीकर शोधायचाच नाही. मिक्सर चालतो मिनिट-दोन मिनिटं. तेवढ्यापुरतं गाणं थांबवावं. म्हणूनच हाताला सहज लागेल असं थांबवायचं बटण हे आम्ही वॉटच्या वर ठेवतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. स्वयंपाकघरात फक्त स्पीकर ऐकायचा नसतो. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात, दूध वर येतानाचा आवाज टिपायचा असतो, दारावरची बेल असते, आतल्या खोलीतून म्हातारं माणूस हाक मारतं. हे सगळं झाकून टाकणारा स्पीकर कितीही गोड वाजला तरी तो स्वयंपाकघरातला नव्हे. कान पूर्ण बंद करणारे इअरबड आम्ही शेगडीपाशी सुचवत नाही, ते याच कारणासाठी. गॅसचा बारीक फुसफुस आवाज ऐकू यायला हवा.

आता खरेदी. पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायचा : आपण ऐकतो काय? मुख्यतः बोलणं, म्हणजे बातम्या, व्याख्यानं, कीर्तन, पुस्तकं? की गाणं? जुन्या टेलिफोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा, तरी सगळं बोलणं कळायचं. तेव्हा फक्त बोलणं ऐकणाऱ्याला फार खोल आवाजाची गरजच नाही. गाणं ऐकायचं तर तबल्याचा डग्गा, तानपुऱ्याचा खर्ज यांना थोडा मोठा पडदा लागतो. मोबाइलमध्ये तो मिळत नाही. दोन-तीन इंचांच्या स्पीकरमध्ये पुरेसा मिळतो.

बिनखर्चाचा मार्ग पहिला. वाटीतला मोबाइल. वाटी आवाज वर फेकते, म्हणून मोठा वाटतो. पण स्टील स्वतःही नादतं आणि काही सूर उगीच फुगतात. त्याऐवजी फोन कानाच्या उंचीवरच्या मांडणीत, स्पीकरची भोकं आपल्याकडे करून ठेवा. खाली घडी घातलेला नॅपकिन. नुसतं बोलणं ऐकणाऱ्या अनेकांचं एवढ्यावर भागतं.

दुसरा मार्ग माळ्यावरचा. बऱ्याच घरांत बंद पडलेल्या म्युझिक सिस्टीमचे स्पीकर पडून असतात. बहुतेकदा बिघडलेलं असतं ते यंत्र. स्पीकर ठणठणीत असतात. ब्लूटूथ असलेला छोटा अॅम्प्लिफायर हजार-दीड हजारात मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, अशा ठिकाणी बरंच काही बघायला मिळतं. स्पीकरच्या पाठीवर ४, ६ किंवा ८ ओम असं लिहिलेलं असतं. अॅम्प्लिफायर तेवढ्या ओमला चालतो ना, एवढं दुकानदाराला विचारा. दहा-पंधरा वॉटचा पुरे. मात्र यात वायरी आल्या, तेव्हा प्लग आणि अडॅप्टर सिंकपासून लांब ठेवायची सोय असेल तरच याच्या वाटेला जा.

तिसरा मार्ग सगळ्यात सरळ : बॅटरीवर चालणारा छोटा ब्लूटूथ स्पीकर. साधारण हजार ते अडीच हजार रुपयांत चांगले पर्याय आहेत. पाच ते दहा वॉट आरएमएस. त्यात काय बघायचं?

एक, बटणं. खरी, दाबली जाणारी, आणि न बघता हाताला कळणारी. हात पिठाचे असताना कोपराने दाबता आली तर सोन्याहून पिवळं.

दोन, पाण्यापासून बचाव. खोक्यावर आयपीएक्स आणि पुढे आकडा असतो. ४ म्हणजे सगळीकडून उडालेलं पाणी सोसतो, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहू शकतो. स्वयंपाकघराला ४ किंवा ५ बास. पण ही चाचणी साध्या पाण्याची असते. वाफ आणि तेलाचा धूर त्यात धरलेला नाही. स्पीकरच्या कापडी जाळीवर तेलकट थर बसला की आधी वरच्या पट्टीतला आवाज अडतो. म्हणजे पुन्हा व्यंजनंच! म्हणून जाळी पुसता येईल अशी हवी, आणि आठवड्याला घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने ती पुसायला हवी.

तीन, ब्लूटूथ सोडून दुसरी एखादी सोय. एफएम रेडिओ, मेमरी कार्ड किंवा पेनड्राइव्ह. घरातला फोन कामावर जाणाऱ्या माणसाबरोबर बाहेर जात असेल, तर मागे राहणाऱ्याला ऐकण्यासाठी हीच सोय उपयोगी पडते. एफएमच्या बऱ्याच छोट्या स्पीकरांत चार्जिंगची वायरच अँटेनाचं काम करते, तेव्हा खरखर आली तर ती जोडून बघा.

चार, चार्जर. वेगळा घेणार असाल तर त्यावर बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, ते पाहा.

चार ते सहा हजारांत दोन प्रकार दिसतात. एक, तोंडी हुकूम ऐकणारे स्मार्ट स्पीकर. हात भरलेले असताना ‘दहा मिनिटांनी आठवण कर’ असं सांगता येणं ही खरोखर सोय आहे. पण त्यांना सतत वीज आणि वायफाय लागतं, आणि मिक्सर चालू असताना त्यांनाही आपलं ऐकू येत नाही. दुसरा प्रकार म्हणजे आधीच गाणी भरून दिलेले, सारेगामा कारवांसारखे संच. फोन, इंटरनेट यांची कटकट नको असणाऱ्या ज्येष्ठांना ते सोयीचे पडतात. चाकासारखं बटण फिरवलं, गाणं लागलं.

आणि काय घेऊ नये? चाकांचे पार्टी स्पीकर, वूफर असलेले होम थिएटर, लांब साउंडबार. छोट्या खोलीत, कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरचा खालचा आवाज भिंतींमुळे आपोआप फुगतो. त्यात वूफर म्हणजे नुसतं धडधड आणि डब्यांची झणझण. स्टीरिओसाठीही जास्त पैसे घालू नका. स्टीरिओ ऐकायला दोन स्पीकरांच्या मधोमध स्थिर बसावं लागतं, आणि आपण सारखे सिंक ते शेगडी, शेगडी ते फ्रिज असे फिरत असतो. जोडीचे दोन स्पीकर लांब ठेवले तर सिंकपाशी तबला आणि शेगडीपाशी गाणं, असा प्रकार होऊ शकतो. एकच स्पीकर, योग्य जागी, हे उत्तम. दोन असलेच तर फोनच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू करा.

दुकानात परीक्षा कशी घ्यायची? दुकानदार जे गाणं लावेल ते ऐकू नका. त्याने ते निवडून ठेवलेलं असतं. आपल्या फोनमध्ये एक बातमीपत्र आणि ओळखीचं एक गाणं घेऊन जा. आवाज निम्म्यावर ठेवा. मग स्पीकरकडे पाठ करा, कारण ओट्यावर काम करताना आपण स्पीकरकडे तोंड करून बसत नाही. शब्द कळतात का? घरी आणखी सोपी परीक्षा आहे. कोणाला तरी फोनवर जोड्या उलटसुलट वाचून रेकॉर्ड करायला सांगा : सात-साठ, ताट-ताठ, पात-पाट, काठ-कात. चिमणी आणि नळ चालू करून ऐका. दहापैकी किती बरोबर ओळखता आले ते मोजा. स्पीकर दोन ठिकाणी ठेवून हे केलंत, तर कुठली जागा चांगली ते आपलं आपल्यालाच कळेल.

जागेचे नियम थोडक्यात सांगतो. उंची कानाच्या आसपास. अंतर हातभर ते दीड मीटर. शेगडीच्या वर किंवा अगदी शेजारी कधीच नाही. आतली बॅटरी लिथियमची असते आणि उष्णता हा तिचा शत्रू. ४५ अंश सेल्सिअसच्या वर ती चार्ज करू नये असा सर्वसाधारण दंडक आहे, म्हणून चार्जिंग स्वयंपाकघराबाहेरच करा. फ्रिजच्या डोक्यावरही नको, पत्रा थरथरतो. खाली रबराचा तुकडा किंवा घडीचं फडकं. फोन फार लांब नको. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह दोघांचा कारभार २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, त्यामुळे मायक्रोवेव्ह चालू झाल्यावर आवाज तुटत असेल तर स्पीकर आणि फोन दोन्ही त्याच्यापासून बाजूला घ्या. आणि फोनच्या इक्वलायझरमध्ये खालचा आवाज, म्हणजे बास, थोडा कमी करा. शब्द एकदम मोकळे होतात.

शेवटचा मुद्दा वयाचा. वयाबरोबर कानाची ताकद आधी वरच्या पट्टीत कमी होते. म्हणजे ज्या व्यंजनांना फोडणी आणि नळ झाकतात, तीच म्हाताऱ्या कानाला आधीच पुसट येत असतात. सत्तरीतली आई रेडिओ मोठा लावते आणि घरातले म्हणतात, ‘कमी कर गं.’ आवाज कमी केला की तिचे शब्द जातात, वाढवला की बाकीच्यांचं डोकं दुखतं. इथे भांडण मिटवायला मोठं यंत्र लागत नाही. स्पीकर तिच्यापासून तीन हातांवरून एका हातावर आणा, बास कमी करा, दोघांचंही भागतं. तरीही शब्द कळत नसतील, तर तो स्पीकरचा दोष नाही; कान तपासून घ्यायला हवेत.

तेव्हा खरेदीला निघताना एवढंच करा. ज्या माणसाचे तास त्या ओट्यापाशी जातात, त्याला किंवा तिला बरोबर न्या आणि पसंती त्यांची धरा. जमलं तर शेजाऱ्यांकडून एखादा स्पीकर दोन दिवस मागून आणा, त्याच्या जागा बदलून बघा, मगच पैसे काढा. कदाचित असंही लक्षात येईल, की घरात आहे तोच स्पीकर पुरेसा आहे, फक्त इतकी वर्षं तो चुकीच्या खोलीत होता.

इथे थांबतो.